वसतिगृहामागची टाकी

"पोरगी डॉक्टर व्हनार का इंजिनर, तेवढं सांगा," पिशोरहून आलेल्या गृहस्थांनी मला विचारलं. प्रवेशाच्या टेबलामागं बसून मी दिवसभर तोच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत ऐकत होते, पण इतका थेट कुणी विचारला नव्हता.

"दोन्ही नाही," मी म्हटलं. "ती घाण पाणी साफ करायला शिकेल."

शेजारी उभी असलेली त्यांची मुलगी मनीषा खाली बघत राहिली. गृहस्थ म्हणाले, "त्याला शिकाया लागतं व्हय?"

त्या दिवशी मी त्यांना जे समजावलं ते इथं पुन्हा सांगते, कारण निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी माझे नातेवाईकही अजून हेच विचारतात. आमच्या संस्थेत मी जीवरसायनशास्त्र शिकवायची. शरीरात अन्नाचं काय होतं, पेशी श्वास कसा घेते, एखादं विष तिला नेमकं कुठं अडवतं, हा आमचा विषय. मैदानाच्या पलीकडं इंजिनिअरिंगची इमारत. तिथं पर्यावरण अभियांत्रिकी शिकवायचे, म्हणजे पाणी कुठून आणायचं, किती मोठ्या नळातून न्यायचं आणि वापरून झाल्यावर त्याचं काय करायचं. आता सांडपाणी साफ करतात ते जिवाणू. टाकीत त्यांना हवा दिली की ते घाण खातात, वाढतात, खाली बसतात, आणि वर राहतं ते बऱ्यापैकी स्वच्छ पाणी. म्हणजे टाकी बांधायची इंजिनिअरनं आणि तिच्यात काम करायचं आमच्या जिवाणूंनी. तरी दोन इमारतींमधल्या मास्तरांची ओळख फक्त झेंडावंदनापुरती होती.

ही दरी दूर व्हावी म्हणून संस्थेनं एक अभ्यासक्रम काढला. आधी जीवरसायनाची बी.एस्सी., मग पर्यावरण अभियांत्रिकीची एम.टेक. एरवी बी.एस्सी.वाल्याला त्या दारातून कुणी सहजी आत घेत नाही; घेतलंच तर आधी वर्षभर इंजिनिअरिंगचे विषय वेगळे करायला लावतात, म्हणजे सहा वर्षं. आमच्याकडं तिसऱ्या वर्षापासूनच इंजिनिअरिंगचे विषय सुरू व्हायचे, ते दोन्ही पदव्यांत धरायचे, आणि सगळं मिळून पाच वर्षांत संपायचं. एक अख्खं वर्ष वाचायचं.

"वरीस वाचतंय ना?" गृहस्थांनी एवढंच पकडलं. "मग घ्या लिहून."

त्या वाचलेल्या वर्षाची किंमत मला नंतर कळली. मनीषाच्या थोरल्या काकांनी बारावी होताच तिच्यासाठी स्थळं बघायला घेतली होती. तिनं वडिलांकडून शब्द घेतला होता की पाच वर्षं कुणी लग्नाचं नाव काढणार नाही. सहा म्हटली असती तर मिळाली नसती. पण मधेच घरी परत आली तर शब्द संपला, हेही ठरलेलं होतं.

अभ्यासक्रमाचे आम्ही दोन समन्वयक होतो. विज्ञानाकडून मी आणि इंजिनिअरिंगकडून जाधव सर. जाधव सर पाचोडकडचे, शेतकरी घरातले, उंचेपुरे, आवाज खणखणीत. आमच्या जिवाणूंना ते "तुमची जनावरं" म्हणायचे. मी पेशीतल्या एखाद्या क्रियेबद्दल बोलायला लागले की म्हणायचे, "पाठकबाई, ते सगळं ठीक आहे, पण आकडा सांगा." मी म्हणायची, "आकडा जनावरांना विचारा." मुलं आमच्या दोघांच्या मधे सापडायची. सकाळी माझ्या तासाला बारीक नळीत थेंब मोजायचे आणि दुपारी सरांच्या तासाला धरणाच्या भिंतीवरचा दाब काढायचा. इंजिनिअरिंगची मुलं त्यांना सायन्सवाले म्हणून चिडवायची आणि आमची बी.एस्सी.ची मुलं त्यांना साहेब म्हणून. शहागंजचा नदीम नावाचा हुशार मुलगा होता. तो एकदा मला म्हणाला, "मॅडम, हम ना इधर के रहे ना उधर के. कॅन्टीनमे बी अलग बैठना पडता." तो तिसऱ्या वर्षानंतर बी.एस्सी. घेऊन बाहेर पडला आणि वाळूजला औषधांच्या कंपनीत लागला. घाईचा अभ्यासक्रम होता. ज्याला दम खायला वेळ लागतो त्याच्यासाठी आम्ही काही सोय केली नव्हती.

मनीषा टिकली. गणितात अडखळायची, पण दुसऱ्या दिवशी तेच गणित सोडवून आणायची. तिची बॅच चौथ्या वर्षात आली आणि पाण्यानं डोळे वटारले.

आमचं शहर, ज्याला तेव्हा आम्ही औरंगाबाद म्हणायचो, सगळ्या बाजूंनी पसरत होतं. संस्था हर्सूलच्या पुढं. मी नोकरीला लागले तेव्हा आजूबाजूला तुरीची शेतं होती. आता तिथं वसाहती उभ्या राहिल्या होत्या आणि प्रत्येक वसाहतीनं आपापलं बोअर मारलं होतं. पाऊस सलग कमी झाला. हर्सूलच्या तलावात गाळाला भेगा पडल्या, जायकवाडीतलं पाणी खाली खाली गेलं, नळाचे दिवस लांबत गेले. आमच्या बोअरमधून आधी गढूळ पाणी आलं, मग नुसती हवा. मुलींचं वसतिगृह टँकरवर आलं. टँकरलाही विहिरी सापडेनात तेव्हा मार्चच्या सुरुवातीला प्राचार्यांनी आम्हा सगळ्यांना बोलावलं. सरळ माणूस. म्हणाले, "वसतिगृह पाऊस पडेपर्यंत बंद करावं लागेल. मुलींनी घरी जाऊन अभ्यास करावा, परीक्षेला यावं."

कागदावर त्यात काही वावगं नव्हतं. बैठकीत कुणी बोललंही नाही. बाहेर पडल्यावर जिन्यात मनीषा उभी होती. बातमी आमच्याआधीच वसतिगृहात पोचली होती.

"मॅडम, मी गेले तर परत यायची नाय," ती म्हणाली. रडत वगैरे नव्हती. उद्या प्रात्यक्षिक आहे का, असं विचारावं तशी बोलली. "आणि मी एकटीच नाय. वर्गातल्या निम्म्या जणी."

मी तशीच मैदान ओलांडून जाधव सरांच्या खोलीत गेले. माझं ऐकून ते मला वसतिगृहाच्या मागं घेऊन गेले. तिथं सांडपाणी शुद्ध करायची एक टाकी होती. इमारतीला परवानगी मिळावी म्हणून बांधलेली, उद्घाटनाला चालवलेली आणि मग विसरलेली. हवा फुंकणाऱ्या यंत्रावर चिमण्यांनी घरटं केलं होतं. आम्ही वर्गात ज्या टाकीची चित्रं फळ्यावर काढत होतो ती खरी टाकी आमच्यापासून हाकेच्या अंतरावर कोरडी पडली होती.

"मुलींच्या अंघोळीचं, संडासाचं सगळं सांडपाणी साफ करून संडासाला परत दिलं, तर टँकर जवळजवळ निम्मे लागतील," सर म्हणाले. "यंत्र मी चालू करतो. जनावरं तुम्ही आणा."

प्राचार्यांनी दीड महिन्याची मुदत दिली. तोपर्यंत टाकी चालली नाही तर कुलूप.

जनावरं आणणं म्हणजे काय ते सांगते. जिवाणू विकत आणायची गरज नसते. चालू असलेल्या दुसऱ्या एखाद्या टाकीतला गाळ विरजणासारखा आणायचा. त्यात शेण आणि गूळ कालवून द्यायचं, भरपूर हवा द्यायची, आणि वाट बघायची. सिडकोतल्या एका दवाखान्याच्या टाकीतून आम्ही गाळ आणला. शेण हर्सूल गावातून आलं. ते मनीषा आणि तिच्या मैत्रिणी बादल्यांत कालवायच्या आणि जाधव सर यंत्राच्या आवाजावरून त्याचा मूड ओळखायचे. दोन आठवड्यांत पाण्याला चहासारखा तांबूस रंग आला आणि ओल्या मातीसारखा वास. हा वास आला की समजायचं, टाकी लागली. सूक्ष्मदर्शकाखाली देठावर डोलणारे घंटेसारखे जीव दिसायला लागले. ते स्वच्छतेचे दर्दी असतात, पाणी बिघडलं की सगळ्यांत आधी तेच जातात. प्राचार्य येऊन बघून गेले, नाकाजवळ धरलेला रुमाल त्यांनी जाताना खिशात ठेवला.

आणि मग टाकी बिघडली.

एका सकाळी वर पांढरा फेस, खाली काळपट पाणी, आणि वास असा की वसतिगृहाच्या खिडक्या लागल्या. घंटेसारखे जीव एकही नाही. सर म्हणाले, हवा कमी पडतेय. मुली पाणी जपून वापरतात, त्यामुळं येणारं सांडपाणी घट्ट झालंय, घाण जास्त आणि पाणी कमी. त्यांनी आणखी एक यंत्र जोडलं. मी म्हटलं, हवेचा प्रश्न नाही, कुठलं तरी विष येतंय. आम्ही पुन्हा गाळ आणला. टाकी आठवडाभर सुधारली आणि पुन्हा मेली. मुलींसमोर आमचं चांगलंच वाजलं.

"पाठकबाई, प्रत्येक गोष्टीत तुम्हाला विषच दिसतं."

"आणि तुम्हाला पंपाशिवाय काही दिसत नाही."

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत गेले तर ती आणि तिच्या मैत्रिणी बाटल्या मांडून बसलेल्या. प्रत्येक बाटलीत टाकीचा चांगला गाळ, मत्स्यालयाच्या पंपानं दिलेली हवा, आणि वसतिगृहात वापरायच्या एकेका वस्तूचे थेंब. एकीत साबण, एकीत कपड्यांची पावडर, एकीत काळं फिनेल. हवा बंद केली की जिवंत गाळ पाण्यातला प्राणवायू भराभर संपवतो. आपण नाक दाबून बसल्यावर छातीत होतं तसं. साबणाच्या बाटलीत प्राणवायू संपत होता. पावडरीच्या बाटलीतही. फिनेलच्या बाटलीत तो होता तसाच राहिला. तिथं श्वास घेणारं कुणी उरलंच नव्हतं.

"मॅडम, तुम्ही तिथं राहत नाय म्हणून तुमच्या ध्यानात आलं नाय," ती म्हणाली. "संडासात टाकायला पाणी नाय, म्हणून वास येतो. वास येतो म्हणून सगळ्या फिनेल ओततात. शनिवारी तपासणी असते, त्याच्या आधी तर लई."

मी विजयी चेहऱ्यानं सरांकडं गेले. त्यांनी ऐकून घेतलं, पेन काढलं आणि थोडा वेळ आकडेमोड केली. मग म्हणाले, "बाई, इतकं फिनेल नेहमीच्या पाण्यात पडलं असतं तर टाकीला कळलंही नसतं. पाणी निम्म्याहून कमी झालंय म्हणून ते विष झालं." दोघंही बरोबर होतो, आणि नुसता एक जण बरोबर असून टाकी चालणार नव्हती. मला वाटतं, आमचा अभ्यासक्रम कशासाठी आहे ते आम्हाला स्वतःला त्या खोलीत कळलं. तोवर आम्ही ते फक्त माहितीपत्रकात छापत होतो.

वसतिगृहाची साफसफाई शांताबाई बघायच्या. मी त्यांच्याशी बोलायला गेले तेव्हा त्यांनी हातातला खराटा भिंतीला टेकवला.

"फिनेल बंद करा म्हणता, करते. पण वास मारला की बोलणी मला बसत्यात, तुम्हाला नाय. पाणी द्या मला. पाणी असल्यावर फिनेल कशाला लागतंय?"

तेच तर नव्हतं. टाकी चालायला फिनेल थांबायला हवं, फिनेल थांबायला पाणी हवं, आणि पाणी द्यायला टाकी चालायला हवी. कुठून तरी आठवडाभर जादा पाणी मिळालं तरच हे चक्र सुटणार होतं. टँकर वाढवायला प्राचार्यांनी हात जोडून नकार दिला.

त्या दुपारी मी आमच्या प्रयोगशाळेत एकटीच बसले होते. कोपऱ्यात ऊर्ध्वपातनाचं यंत्र चालू होतं. प्रयोगांना अगदी शुद्ध पाणी लागतं, ते या यंत्रात वाफ करून आणि पुन्हा थंड करून मिळवतात. थंड करण्यासाठी बाहेरून सतत पाणी फिरवावं लागतं आणि ते नळीतून मोरीत जातं. एक कळशी शुद्ध पाणी मिळवायचं तर कित्येक कळश्या मोरीत. ते मी वर्षानुवर्षं बघत आले होते. दारात दुष्काळ उभा होता आणि माझ्या नाकासमोर ती धार वाहत होती. हे पाणी बोअर आटल्यावरही चालूच होतं, कारण प्रयोगशाळांची टाकी वेगळी, तिचा टँकर वेगळा.

मी यंत्र बंद केलं. आमच्या विभागात तीन जणांचं पीएच.डी.चं काम त्यावर चालू होतं. माझे सहकारी माझ्याशी महिनाभर कामापुरतंच बोलले. एकानं तोंडावर सांगितलं, "गटारासाठी संशोधन थांबवणारी विभागप्रमुख पहिल्यांदाच पाहिली." त्याचं काम सहा महिने मागं पडलं, ते मला मान्य आहे. प्रयोगशाळांचा टँकर वसतिगृहाकडं वळला, शांताबाईंच्या बादल्या भरल्या, फिनेलचे डबे कुलपात गेले. आम्ही तिसऱ्यांदा गाळ आणला.

टाकी सावरत होती, पण मुदत संपत आल्यानं वसतिगृह बंद होऊ शकतं अशी पत्रं आधीच घरोघरी गेली होती. मनीषाचे वडील तिला न्यायला आले. तिनं पिशवी भरली होती. मी प्राचार्यांकडं जायला निघाले, तर ती म्हणाली, "मॅडम, राहू द्या. मी बोलते." आणि ती वडिलांना घेऊन टाकीकडं गेली. मी मागून गेले.

ते टाकीच्या कठड्याला हात लावून उभे होते. आत तांबूस पाणी उकळल्यासारखं वरखाली होत होतं.

"ह्ये मोरीचं पाणी?"

"व्हय. संडासाचं बी."

"वास तर नाय."

"हवा देतो ना आम्ही. हवा बंद केली की सुटतो वास."

ते कठड्यावरून आणखी वाकले. "आपल्या खताच्या खड्ड्याचं बी तसंच हाय," ते म्हणाले. "पालथं घालीत राह्यलं की चांगलं कुजतं. नाय घातलं की घाण सुटती." मग तिच्याकडं वळून, "ह्ये तू चालू केलं?"

"आम्ही समद्यांनी."

"आन तू घरी आली तर?"

"तर चालंल. बाकीच्या हायेत. पण मला यायचं नाय, दादा."

मला वाटलं होतं ती म्हणेल की माझ्याशिवाय हे बंद पडेल. तसं म्हणणं सोपं होतं आणि त्या वेळी ते थोडंफार खरंही होतं. तिनं ते म्हटलं नाही. वडिलांनी तिच्याकडं नीट पाहिलं. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "मॅडम, वसतिगृह चालू ऱ्हानार का?"

"अजून प्राचार्यांनी ठरवलेलं नाही," मी खरं ते सांगितलं.

"मग ठरल्यावर बघू. पिशवी मी परत नेत नाय. ओझं हाय." ते दुपारच्या एस.टी.नं एकटेच पिशोरला गेले.

शेवटी जे ठरलं ते अर्धवट होतं. टाकीचं पाणी आणि कमी टँकर मिळून निम्म्याच मुलींना पुरत होतं. प्राचार्यांनी वरच्या वर्गांच्या मुली ठेवल्या आणि पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या घरी पाठवल्या. त्यांच्याकडं दुसरा मार्ग होता असं मला आजही म्हणता येत नाही. पण पुढच्या वर्षी त्यांतल्या काही जणी आल्या नाहीत. पाचोडची एक मुलगी होती, पहिल्या तासाला सगळ्यांत पुढच्या बाकावर बसायची. तिच्या घरी मी दोनदा निरोप पाठवला. दुसऱ्यांदा निरोप्यानं सांगितलं की तिचं लग्न होऊन ती जालन्याकडं गेली. टाकी चालली, वर्तमानपत्रात फोटो आला, सत्कार झाला. फोटोतल्या हारामागं माझा चेहरा मला आवडत नाही.

मनीषाची बॅच पाच वर्षांत बाहेर पडली. पुढं विद्यापीठाचे नियम बदलले, बी.एस्सी.च्या मुलांना एम.टेक.ला घ्यायचं की नाही यावर पत्रव्यवहार झाला, आणि आमचा अभ्यासक्रम हळूच बंद पडला. दोन्ही विभागांना फारसं दुःख झालं नाही. मी निवृत्त झाले, नंतर जाधव सरही.

मनीषाला पुण्यातून नोकरी आली होती. तिनं बीडकडच्या एका लहान नगरपालिकेचं काम घेतलं. लग्न तिनं उशिरा, तिच्याच बरोबर काम करणाऱ्या माणसाशी केलं. थोरले काका लग्नाला आले आणि जेवून गेले. गेल्या हिवाळ्यात तिचा फोन आला. गावाची सांडपाण्याची नवी टाकी सुरू झाली होती, आम्ही दोघांनी येऊन बघावं अशी तिची इच्छा होती. सरांच्या मुलानं आम्हाला गाडीनं नेलं. वाटेत मराठवाड्यातल्या प्रत्येक धरणाविषयी सरांना काही ना काही म्हणायचं होतं.

टाकी मोठी होती, आमच्या वसतिगृहाच्या कितीतरी पट. स्वच्छ झालेलं पाणी गावाबाहेरच्या मोसंबीच्या बागांना जात होतं. मनीषा डोक्यावर पिवळं हेल्मेट घालून दोन माणसांना काही सांगत होती. कडेच्या एका हौदात पाणी जरा गढूळ दिसलं. सर वाकून म्हणाले, हवेचा दाब कमी आहे. मी म्हटलं, दाबाचं काही नाही, गाळ जुना झालाय, रंग बघा. ते म्हणाले, रंगावरून आकडा निघत नाही. मी म्हटलं, आकड्यावरून जिवंतपणा कळत नाही. तिथले कामगार काम थांबवून आमच्याकडं बघायला लागले.

मनीषा आली, हौदात डोकावली, आणि आमच्या दोघांच्या मधून हात घालून तिनं झडपेचं चाक पकडलं.

"सर, मॅडम, दोघंही थोडं बाजूला व्हा," ती म्हणाली. "मला काम करू द्या."

आम्ही बाजूला झालो.